भुकटीवर वाढलेली पिल्लं

"या टाकीत चिमूटभर जरी किडे टाकलेस ना सगुणे, तर बघ," असं म्हणत दामाजीने बायकोच्या हातातून बादली काढून घेतली.

बादलीत नारिंगी ठिपके वळवळत होते. आर्टिमिया, म्हणजे कोळंबीच्या पिल्लांचा जिवंत खाऊ. परदेशातल्या खाऱ्या तळ्यांच्या, मिठागरांच्या काठी त्याची अंडी धुळीसारखी गोळा करून डब्यात भरतात; ती कोरडी वर्षानुवर्षं टिकतात, खारं पाणी लागलं की फुटतात. कोपरच्या खाडीकाठच्या शेडमध्ये सगुणा ती उबवायची आणि ठिपके वळवळायला लागले की लगेच पिल्लांच्या पोटात. चार वर्षं हाच खटाटोप चालला होता.

दामाजीला आता तो नको होता. वागळे इस्टेटमधल्या एका खाद्य कंपनीचा गुरुदत्त नावाचा साहेब भुकटीचं पिंप देऊन गेला होता. नुसती भुकटी, जिवंत काही नाही. पिल्लं वाढली की बघायला येतो म्हणाला होता.

"पयल्याच खेपेला लेकीच्या घरी जायचा माल?" सगुणा कुरकुरली. "आधी थोड्यावर करून बघा ना."

तिचं चुकत नव्हतं. जावई तानाजीने काल्हेरला सासऱ्याच्या शब्दावर भाताची खाचरं खणून तळं केलं होतं. भावकी हसली होती. लेकीची, मालूची सासू तर उठता-बसता 'तुझ्या बापाची कोलंबी' म्हणून टोमणे मारायची. तळं फसलं तर पोरीला त्या घरात तोंड वर करायची सोय राहणार नव्हती.

पण दामाजीने एकदा मनावर घेतलं की तो ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. एरवी पावसाळ्यात शेड बंदच असायची. यंदा तानाजीसाठी चालू ठेवली. खाडीचं पाणी पावसाने गोडं झालेलं, म्हणून त्याने बापाच्या बंद पडलेल्या मिठागरातल्या गोणी आणून टाकीत रिकाम्या केल्या. मीठ लालसर, न धुतलेलं.

"घरचं मीठ असताना बाजारचं कशाला?" तो म्हणाला.

मग मद्रासहून आलेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं सोडली आणि भुकटी सुरू केली.

थोड्याच दिवसांत तळाशी पांढरट थर साचला. सगुणाने वाकून पाहिलं.

"मेली का काय हो?"

"कात टाकतात ती. गप ऱ्हा."

बोलून गेला खरा, पण त्यालाही घास गोड लागेना. सारखा टाकीपाशी जाऊन वाकून बघायचा.

आणि एका सकाळी टाकी हलली. बारीक बारीक जीव, सगळीकडे! पाणी नुसतं सळसळत होतं. दामाजीने भुकटी वाढवली तशी पिल्लंही भराभर वाढली, पार नखाएवढी झाली. सगुणा टाकीवर ओणवी होऊन बघत राहिली.

"अवो, ही उतानी पोवतात."

"पोट भरल्यावर मानूस पन उतानाच पडतो!"

किती दिवसांनी ती खळखळून हसली. "हरले बाई," म्हणाली आणि तिनेच नारळ फोडला. तानाजी टेम्पो घेऊन आला. पाण्याने फुगलेल्या पिशव्या भरून, टेम्पोला हार घालून काल्हेरला गेला.

दुपारी मालूचा फोन आला. "बाबा, सगली तल्यात सोडली! सासूबाईंनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. म्हनाल्या, तुजा बाप शब्दाचा पक्का."

रिसीव्हर ठेवून दामाजीने उपरण्याने डोळे पुसले.

संध्याकाळी गुरुदत्त आला. दामाजीने त्याला मिठीच मारली.

"साहेब, लेक वाचली माजी! तुमच्या भुकटीला तोड नाय."

टाकीत थोडी पिल्लं उरली होती. गुरुदत्तने हसत हसत काचेचा पेला बुडवला आणि उजेडात धरला. हसू मावळलं. त्याने दुसऱ्या कोपऱ्यातून पेला भरला. मग तळातून. प्रत्येक वेळी तो जास्त वेळ बघत राहिला.

"काय झालं, साहेब?" सगुणाने विचारलं.

"टेम्पो परत बोलावता येईल?"

"तल्यात सोडून पन झाली."

गुरुदत्तने पेला हळूच कठड्यावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या मिठाच्या रिकाम्या गोणींकडे पाहिलं.

"दामाजीशेठ, भुकटी यांना मानवली खरी. पण हा उताणा पोहणारा आर्टिमिया आहे. कोळंबीचं पिल्लू यात एकसुद्धा नाही."