तीस सेकंदांचा नियम

गेलेल्या माणसांची मनं जपणारा सर्व्हर चारुलतानेच मुक्त सॉफ्टवेअरवर उभा केला होता. घरच्यांनी वर्षातून एकदा दुरून स्क्रीनवर भेटायचं. रेकॉर्डिंग बंद, कॉपी बंद. पलीकडून तीस सेकंद शब्द आला नाही, की भेट संपली. कुणी वशिला लावून नियम वाकवू नये म्हणून मुख्य डिजिटल किल्लीही तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती.

आज समोर तिचे वडील, अण्णा होते.

"अण्णा, शेवटच्या दिवशी मी आले नाही. रागावलात?"

अण्णा जन्मभर तोलूनमापून बोलणारे. ते विचारात पडले.

"नुसतं हं तरी म्हणा, अण्णा. लवकर."

त्यांनी मान वर केली, ओठ हलले, आणि स्क्रीन काळी झाली.

'वापर नसल्यामुळे भेट संपली आहे.'

हे वाक्यही तिनेच लिहिलेलं होतं.