आतले ठसे

"हातमोजे काढते मी," धाकटी म्हणाली. "आईच्या गालावरून हात फिरवायला मोजे कशाला?"

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी उसासा सोडला आणि काचेची पेटी उघडली. आत भाजलेल्या मातीत घडवलेलं आईचं मस्तक होतं, खाली पाटीवर धाकटीचं नाव. या एका शिल्पावर तिला शिष्यवृत्ती मिळाली, पुढे देशोदेशी नाव झालं. आता तिचे डोळे गेले होते. डोळे गेले तरी हात शाबूत आहेत, आईला एकदा चाचपल्याशिवाय मी मरायची नाही, असं म्हणून तिने बाईंना भंडावून सोडलं होतं.

थोरली बहीण सोबत आली होती, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. जुनी नाणी, लाकडी मुखवटे, गालिचे, ती प्रत्येक दालनात थांबून बहिणीला वर्णन ऐकवत आली.

"दमलीस गं. पुन्हा कधीतरी येऊ."

"ताई, नाण्यांवरच्या राजांच्या मिशासुद्धा सांगून झाल्या तुझ्या. आता पुरे."

दोघी इथेच शिकल्या. समोर आईला बसवून, एकाच मेजावर दोघींनी तिचं मस्तक घडवलं. धाकटीने थोरलीचं बघून बघून इतकं हुबेहूब केलं, की कुठलं कोणाचं हे खुद्द आईला सांगता येईना. भट्टी थोरलीने उघडली. एक फुटलं होतं. "माझंच फुटलं," म्हणाली आणि तुकडे टाकून आली. उरलेलं थेट प्रदर्शनात गेलं, तिथून या पेटीत. थोरलीने पुन्हा मातीला हात लावला नाही. नशीब एकेकाचं, असं लोक म्हणाले.

धाकटीने कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, हसली. मग गळ्याखालून हात आत घातला. भट्टीत फुटू नये म्हणून असं शिल्प आतून पोकळ करतात. माती अंगठ्याने दाबत जायचं, आणि ते ठसे कोणी पुसत नाही. आत कोण बघतंय?

तिने उजवा अंगठा एका ठशात ठेवला. बसेना. दुसऱ्यात ठेवला, तिथेही नाही. सगळे ठसे उलट्या बाजूला कललेले होते. तिने हात बाहेर काढला.

"ताई, तुझा हात दे. डावा."

"राहू दे गं."

"दे."

थोरली डावखुरी. तिचा अंगठा पहिल्याच ठशात चपखल बसला, आणि तिला रडू आवरेना.

"फुटलं ते माझं होतं," धाकटी म्हणाली.

"तेव्हा रडूबाई होतीस तू. हाय खाऊन घरी बसली असतीस."

प्रमुख बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. "पण मॅडम, याच शिल्पामुळे तर तुम्हाला ओळखतात."

"म्हणूनच पाटी आजच बदला. आणि माती मागवा. ताई पुन्हा आईला घडवणार आहे." धाकटीने बहिणीचा डावा हात घट्ट धरला. "या खेपेला भट्टी मी उघडणार."