गप्प बसणारा ई

दिराने छापील कागद पार्लरच्या गल्ल्यावर ठेवला आणि त्यावर बोट आपटले. "वाचा, वहिनी. कुठूनही सुरू करा."

वहिनीने हातातला केसांच्या रंगाचा ब्रश खाली ठेवला नाही. तशीच कागदावर वाकली. चेहऱ्यावर पहिला नंबर आधीच आलेला.

दीर तसा वाईट माणूस नव्हता. फक्त मोठ्या रस्त्यावरचे नवे पार्लर मेहुण्याच्या हाती द्यायचे त्याने मनाशी पक्के केले होते. मेहुण्याला कात्री कुठून धरतात ते ठाऊक नव्हते, पण इंग्रजी येत होते. आणि सरळ नाही म्हणायला जीभ रेटत नसली, की माणसे परीक्षा घेतात. "तिथला सगळा माल इंग्रजी," त्याने वर्षापूर्वीच सांगून टाकले होते. "वाचता आलं तर गल्ल्यावर तुम्ही. नाही आलं तर मेहुणा, आणि तुम्ही त्याच्या हाताखाली." जुने पार्लर इतकी वर्षे एकटीने उभे ठेवलेली वहिनी लगेच हो म्हणाली. दिराला संशय यायला हवा होता तो तिथेच.

कारण वहिनीने सौदा आधीच जमवला होता. आत्ता खुर्चीत डोक्याला रंग थापून बसल्या होत्या त्या बाई, निवृत्त शिक्षिका. दर आठवड्याला यायच्या, कधी रंगाला, कधी तेलाला. वहिनीने बाईंच्या डोक्यावर काम करायचे, बाईंनी वहिनीच्या डोक्यात. देणेघेणे जागच्या जागी फिटत होते. डाग पडू नये म्हणून बाई चष्मा पर्समध्ये ठेवत, घरून लिहून आणलेले पुठ्ठ्याचे पत्ते एकेक करून आरशाकडे तोंड करून धरत आणि अंदाजाने बोट फिरवत. मागे उभी वहिनी ब्रश चालवता चालवता आरशात बघून वाचे.

"दोन स्वर हातात हात घालून आले, की पहिला लांब बोलतो, दुसरा नुसती मान डोलावतो," बाई शिकवत. "आणि कडेला ई एकटाच गप्प बसलेला दिसला, तर समजायचं, तो आतल्याला लांब ओढायला आलाय."

"म्हणजे आमच्या सासूबाईच की," वहिनी म्हणाली होती. "कोपऱ्यात बसायच्या, बोलायच्या काही नाहीत. पण त्या असल्या की घरातल्या सगळ्यांचा सूर बदलायचा."

तेव्हापासून तिला नियम पाठ करावा लागला नाही. पत्ता दिसला की आधी ती सासूबाई शोधे. बाटल्यांवरची अक्षरे बाईंच्या अक्षरांशी जुळत नसत खरी. पण छापील आणि हाताचे, फरक असायचाच.

आता कागदावर तिने सासूबाईंना शोधले. नेहमी त्या डाव्या हाताला असत. पहिल्या शब्दात नव्हत्या. दुसऱ्यात नव्हत्या. सगळी अक्षरे कुणीतरी घरात शिरून सामान हलवावे तशी बसली होती.

"अगं वाच ना!" बाई खुर्चीतून ओरडल्या. "परवा तर घडाघडा वाचत होतीस!"

"हे तुमचं इंग्रजी नाही, बाई."

"राहू द्या, राहू द्या," दीर म्हणाला. त्याचा आवाज एकदम मायाळू झाला. "वयोमानाने होतं असं. मेहुण्याला सांगतो, वहिनींशी नीट वाग म्हणून."

त्याने कागद उचलला. पण भांग नीट केल्याशिवाय या दारातून तो कधी बाहेर पडला नव्हता. छापील बाजू पुढे ठेवून कागद छातीशी धरून तो आरशासमोर उभा राहिला आणि खिशातून कंगवा काढला.

वहिनी त्याच्या मागे उभी होती. तिने आरशात पाहिले. सासूबाई आपल्या जागेवर बसल्या होत्या.

"रोझ क्रीम," ती म्हणाली. "लाइम. नेल. शाइन. खालचं ते, होम केअर."

कंगवा भांगातच थांबला.

"पाठ केलंत!"

"मग तुम्ही लिहा. तुमच्या मनातलं."

दिराने भुवयांची पेन्सिल घेतली, कागदामागे एक शब्द लिहिला आणि शब्द पुढे करून कागद पुन्हा छातीला लावला.

"हा मी शिकवलेला नसेलही हं," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"नसू दे," वहिनी म्हणाली. "स्मोक. आणि सोडा आता ते, भाऊजी. शर्टाला वास येतो."

बाईंनी पर्समधून चष्मा काढून रंगाची पर्वा न करता नाकावर चढवला. आरशातला कागद पाहिला, मांडीवरचा आपला पत्ता पाहिला, मग तोच पत्ता आरशात पाहिला. "अगबाई! वर्षभर मी हिला इंग्रजी उलटं शिकवलं!"

"उलटं कुठे, बाई? मला तर सरळ आलं."

दिराच्या जिवात जीव आला. "पण वहिनी, नव्या दुकानात माल आला, कागद तुमच्या हातात आला, की काय करणार? दर वेळी आरशाकडे पळणार?"

वहिनीने बाईंच्या कपाळावर ओघळलेला रंग बोटाने पुसला आणि ब्रश पुन्हा वाटीत बुडवला.

"पळायचं कशाला? पहिला आरसा माझ्या गल्ल्यासमोर लावा."