चोरखिसा

कोट इतवारीतल्या दुकानातून भाड्यानं आणलेला होता, पण साक्षगंधात पुंडलिकनं "नवा शिवायले टाकला" असं ठोकून दिलं होतं. आता कामठीच्या मांडवात सासरे नत्थूजी मघापासून त्या बंद गळ्याच्या कोटावरच नजर लावून बसले होते. 'हे काहून असे पाहून राहिले?' पुंडलिकला काही कळेना. कॉलरचं रफू तर दिसलं नसेल? तेवढ्यात भटजींनी लग्नाची सुपारी त्याच्या हातात दिली आणि जपून ठेवायला सांगितली. त्यानं दोन्ही खिसे चाचपले, तर दुकानदारानं ते शिवूनच टाकलेले. सुपारी मुठीत धरून तो घामाघूम झाला. नत्थूजी हळूच पुढं सरकले आणि त्याच्या कानाशी लागले. "जवाईबापू, डाव्या अस्तरात चोरखिसा हाय." पुंडलिक चाटच पडला. "तुमाले कसं ठाऊक, मामाजी?" नत्थूजी मिशीतल्या मिशीत हसले. "माह्या लग्नातली सुपारी मीबी त्यातच ठेवली होती."