सात फुटी पार्टी

"सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण तुमची ती फर्निचरवाली पार्टी काल मला शिवाजी पार्कात भेटली," लवूआजोबा म्हणाले आणि त्यांनी हेरंबने मागवलेला चहा बशीत ओतला.

ह्यांना आणायलाच नको होतं, असं अक्षताला वाटलं.

लालबागच्या त्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात ती भाडं मागायला आली होती. मालवाला आणि गाडीवाला यांची गाठ घालून देणारा दलाल हा हेरंब. त्याने दिलेलं फर्निचर तिच्या टेम्पोने लोअर परळहून तीनदा नाशिकला पोचवलं. भाडं एकाही खेपेचं नाही. टेम्पोचे हप्ते थकले होते. सोमवारी फायनान्सवाले गाडी ओढून नेणार होते. आणि हेरंबचं एकच पालुपद. "ताई, पार्टीने मलाच टोपी घातली. सगळं फोनवर ठरलं. त्या माणसाचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. मला दमडी मिळाली नाही, तर तुम्हाला कुठून देऊ?"

खोटं बोलतोय, हे तिला कळत होतं. पण दाखवणार कसं? आज घरून निघताना शेजारच्या खोलीतले लवूआजोबा "मी येतंय गो" म्हणून चपला घालून तयार. थापांसाठी अख्ख्या चाळीत नावाजलेला माणूस. आल्यापासून भाड्याचा शब्द नाही. हेरंबच्या अंगठ्यांचं कौतुक काय, त्याची बिस्किटं काय. म्हातारा फितला की काय?

"सात फूट उंच," आजोबा रंगात आले होते. "लोखंडी कपाट काखेत मारून चालतो. पार्काला फेऱ्या मारून आला, घामाचा टिपूस नाही!"

हेरंब गालात हसला. "असेल बुवा. मला काय माहीत?"

दाराजवळच्या बाकावर दोन ट्रकवाले माल मिळायची वाट बघत होते. त्यांनी मोबाइल खाली ठेवले.

"तुमचं नाव काढलं, तर असा हसला, की कट्ट्यावरची कबुतरं उडाली. म्हणे, तो पुचाट? फोनवर नुसता खाकरलो, तर रडायला लागला! पैसे नकोत साहेब, पण ओरडू नका, म्हणाला. असला बावळट दलाल उभ्या मुंबईत नाही म्हणे."

हेरंबचं हसू गेलं.

"आजोबा, पुरे. चला," अक्षता म्हणाली.

"थांब गो, खरी मजा पुढेच. फुकटात माल नेला, आणि वर ह्यांनीच त्याला सॉरी म्हटलं!"

एक ट्रकवाला फिसकन हसला.

हेरंब ताडकन उठला. "थापा मारतोस, म्हाताऱ्या! पाच फुटांचा दमेकरी तो! माझा हा जिना चढताना तीनदा खाली बसला, आणि ह्याच खुर्चीत, हात जोडून, पै न् पै माझ्यासमोर ठेवून गेला!"