बिनबिल्ल्याची सायकल

"कंपनीचा बिल्ला न्हाई, नंबर न्हाई. उगं शोधत बसू नगा," असं म्हणत बाईनं सायकलचा सांगाडा नानासोंच्या पुढ्यात बाकावर ठेवला.

नुसताच सांगाडा. चाकं नाहीत, सीट नाही, रंग कधीचा उडालेला. नळ्या तेवढ्या सरळ आणि सडपातळ, पळायला जन्मलेल्या जनावराच्या पायांसारख्या.

नानासोंनी मान वर केली. पन्नाशीची बाई होती. हनुवटीवर जुना व्रण. मिरजेच्या त्या गल्लीत थंडीचं धुकं अजून रेंगाळत होतं आणि अर्ध्या उघड्या शटरखालून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा पातळ होता. अशा सकाळी गिऱ्हाईक आलं की त्यांना बरं वाटे. हात रिकामे राहिले की मन कुठल्या कुठं वाहत जाई.

"कुठनं आला, ताई?"

"हितनंच. जवळनं."

"नाव?"

"माया."

"ब्येस नाव हाय."

"ही रेसची सायकल हाय. लय वर्सं घरात हाय," ती म्हणाली. "कुणी बनवली तेवढं सांगा. आजच सांगा पर. भाऊ साताऱ्यासनं यायलाय. म्हणतोय, हिच्यापायी किती दिवस झुरणार हाईस? आज नाव न्हाई निघालं, तर भंगारात घालणार हाय."

"भंगारात? त्याला म्हणावं आधी तू चढून बस भंगाराच्या गाड्यात!"

माया हसली. तिनं चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, फळीवरचा चष्मा काढून दिला आणि कोपऱ्यातला खोका ओढून बसली. आपण चष्माच शोधतोय हे हिला कसं कळलं, असं नानासोंच्या मनात येऊन गेलं. पण बोटं तोवर लोखंडावर गेली होती.

"सायकल डोळ्यानं वळखायची नसती. बैलावानी आधी हात फिरवायचा."

त्यांनी डोळे मिटले. नळीवरून हात सरकत गेला तसा नदीकाठचा रस्ता आला. दोन्ही अंगाला तुरे आलेला ऊस. पुढं दोन वेण्यांची एक पोर दांड्यावर वाकलेली, आणि मागं सीट धरून कुणीतरी धावतंय. धाप लागलीय, पण धावणाऱ्याला हात सोडवत नाही. पोर मागं वळेल, तोंड दिसेल, असं वाटतं आणि रस्ता धुक्यात शिरतो.

"कारखान्याचं काम न्हाई हे," ते डोळे न उघडताच म्हणाले.

"कशावरनं?"

"नळीला नळी जुळती तिथं बोट लावा. लागतंय काय?"

"पान."

"पानच! तंबोऱ्याचा भोपळा दांडीला जुळतो तिथं असली पानं कोरत्यात. कारखान्यात कोण एवढं लाडानं करील? सतारवाल्यांच्या शेजारात वाढलेला माणूस हाय ह्यो. मिरजेतलाच."

माया पुढं सरकली. "आनि?"

"कानशीचे ओरखडे उलटे हाईत. डावरा हाय गडी." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मापानं बारकी हाय सायकल. पोरीसाठी केलेली. तवा पोरींना रेसची सायकल कोण देत हुतं? लोक हसलं असतील. ह्यानं ऐकलं न्हाई. उंब्रजच्या यात्रेत पोरांच्यात उतरवली असंल तिला."

"जिंकली?"

"न्हाई." आडव्या नळीवरच्या पोच्यावर त्यांचा अंगठा थांबला. "वळणावर पडली. लय न्हाई लागलं, हनुवटी फुटली तेवढी. पर उठली आन् शेवटपर्यंत गेली."

मायाचं बोट आपसूक व्रणावर गेलं.

"मग एवढं जीव लावून केलं, तर नाव का न्हाई घातलं त्यानं?" तिनं हळूच विचारलं.

नानासोंचं बोट पुन्हा त्या पानावर गेलं. चहावर साय धरली.

"सतारवाला नाव कुठं घालतो? विकायच्या सतारीवर. घरच्या पोरासाठी केली, तर न्हाई घालत. घरच्याला काय वळख सांगायची?"

"त्याचं नाव सांगा की." तिनं सांगाड्यावर हात ठेवला. "एवढंच ऱ्हायलंय."

नानासोंनी तोंड उघडलं. नाव ओठांशी आलं होतं. धुक्यातून एस्टीचे दिवे दिसावेत, आपण हात करावा आणि ती न थांबताच निघून जावी, तसं ते गेलं.

"आलं हुतं बघा, ताई. गेलं. माफ करा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"व्हय, इंद्रजित... न्हाई निघालं नाव." ती पाठमोरी झाली. "न्हाई रं, ऐक माझं. नाव सोडून समदं निघालं. शर्यतसुदिक. भंगारवाल्याला नगं म्हणून सांग. मी ठिवणार हाय. मला झुरू दे."

तिनं फोन ठेवला, तेव्हा नानासो अजून त्या लोखंडी पानावर बोट फिरवत होते.

"भाग्याची पोर म्हणायची," ते म्हणाले. "त्यो माणूस हाय का अजून?"

"हाय."

"मग एकदा घेऊन या हिकडं. त्याचा हात बघायचाय मला."

"आणते की. पुढल्या रविवारी."

ती उठली. बाकामागच्या भिंतीवर दोन खुंट्या होत्या आणि त्यांच्याखाली काळवंडलेल्या चुन्यात सायकलच्या आकाराची एक पांढरी खूण. तिनं सांगाडा खुंट्यांना अडकवला. तो नेमका त्या खुणेवर बसला. मग तिनं पदराचं टोक भिजवलं आणि नानासोंच्या डाव्या हाताला लागलेलं काळं पुसत ती म्हणाली,

"चला आबा, भाकरी निवाय लागली."