हललेली चादर

इन्स्पेक्टरनं प्रेताच्या तोंडावरची चादर ओढली आणि अंबरपेठच्या थिएटरात अर्ध्याअधिक लोकांनी डोळे झाकले. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे देखो, मुर्दा सांस लेरा!"

झालं. भीती गेली आणि हशा पिकला. प्रेताच्या छातीवरची चादर खरोखरच वर झाली, खाली गेली.

मंदार खुर्चीत खाली सरकला. पुण्याहून हैदराबादला येऊन त्यानं संकलित केलेला हा पहिलाच मोठा सिनेमा. एकामागून एक खून होतात आणि तपास करणारा इन्स्पेक्टरच हळूहळू भ्रमात जातो, अशी अंगावर काटा आणणारी गोष्ट. पण गावभर चर्चा कशाची, तर श्वास घेणाऱ्या मुर्द्याची.

"तुझ्या डोळ्यांत काय माती गेली होती?" दिग्दर्शक हर्षवर्धननं विचारलं होतं. "उद्याच्या खेळात तो श्वास दिसला, तर माझ्या पुढच्या सिनेमात तू दिसणार नाहीस."

मंदारनं सकाळीच कॉम्प्युटरवर ती चादर जागच्या जागी थांबवून टाकली होती. नवी प्रत पाठवायची तेवढी राहिली होती. त्याआधी लोक किती हसतात ते ऐकायला तो आला होता. जखमेवरची खपली काढून बघायची खोड असते काहींना.

शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. बाई सुरुवातीपासून डोळ्यांवर पदर घेऊन बसली होती. एवढी भीती वाटते तर आली कशाला, असं मंदारला वाटलं होतं. मग प्रेताच्या प्रसंगाला नवऱ्यानं तिला कोपरानं हलवलं आणि तो पुटपुटला, "आला बघ." सगळं थिएटर डोळे झाकत असताना तिनं मात्र पदर काढला. लोक हसले तरी ती बघतच राहिली. प्रसंग संपला आणि दोघं उठून चालू लागली.

सिनेमा अर्धवट टाकून जाणारी माणसं, तीही मराठी! मंदारच्या ते जिव्हारी लागलं. तो त्यांच्यामागे बाहेर धावला.

"काका, थांबा. त्या चुकीमुळे उठलात ना? ती चूक माझी आहे. उद्यापासून मुर्दा हलणार नाही. पुन्हा या बघायला."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आम्ही रोजच येतो, साहेब. मी देवराव, ही विमलाबाई. तो मुर्दा म्हणजे आमचा पोरगा, आदर्श. सिनेमातलं त्याचं पहिलंच काम. सिनेमा लागायच्या आधीच मोटारसायकलवरून पडला अन् गेला."

मंदारला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. आईबापांच्या देखत लोक रोज त्यांच्या पोराला हसत होते.

"मग तर नवी प्रत आत्ताच पाठवायला सांगतो," तो घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं फोन काढला. "यापुढे त्याला कुणी हसणार नाही, काकू."

विमलाबाईंनी फोनसकट त्याचा हात धरला.

"नको रे लेकरा. हसू दे लोकांना."

तेवढ्यात फोन वाजू लागला. हर्षवर्धनचंच नाव दिसत होतं. विमलाबाईंनी हात सोडला नाही आणि मंदारनंही तो सोडवून घेतला नाही.

"घरी आणला तवा असाच निजवला होता त्याला," विमलाबाई म्हणाल्या. "अशीच पांढरी चादर. बाया म्हणत होत्या, रड, मोकळी हो. मी रडले नाही. चादरीकडं बघत बसले. वाटायचं, आता हलंल, मग हलंल. उचलून नेईस्तोवर बघितलं. नाही हलली."

त्यांनी थिएटरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"इथं हलते."